ट्रकखाली काय दिसले

मित्रांनो, बोयचुकांच्या शेताच्या कडेला, काटेरी झुडपांच्या रांगेमागे, लाल रंग उडालेला आणि एका दिव्याने आंधळा झालेला एक ट्रक उभा आहे ना, तो मी. माझ्या पुढच्या चाकांत हवा नाही. हौद्यात गवत उगवले आहे. इंजिनाच्या झाकणाखाली उंदरांनी संसार थाटला आहे. उंदरांबद्दल माझी काही तक्रार नाही. ते जे काही कुरतडतात ते निदान उघडपणे कुरतडतात.

माझ्या जन्माचे मला फारसे आठवत नाही. मोठा कारखाना, डोळे दिपवणाऱ्या ठिणग्या आणि रंगाचा उग्र वास, एवढेच. मला समज आली ती इथे, कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या दुब्रोव्हा गावात, ओरेस्ट बोयचुकने मला घरी आणले त्या दिवशी. त्याची मुलगी लेस्या तेव्हा नुकती चालायला लागली होती. ती माझ्या चाकाला धरून उभी राहिली आणि चाक तिच्यापेक्षा उंच निघाले म्हणून रडली. ओरेस्टच्या बायकोने, नादियाने, माझ्या काचेमागे संत निकोलसचे छोटे चित्र चिकटवले. शेजारचा हॅरी कोवाल म्हणाला, "ओरेस्ट, लेका, ट्रक घेतलास की चर्च?" सगळे हसले. मला मात्र फार मोठे झाल्यासारखे वाटले.

माझे काम गव्हाचे. कापणीच्या दिवसांत हार्वेस्टर शेतातून चालता चालताच आपली सोंड माझ्या हौद्यावर धरायचा आणि गहू ओतायचा. मी त्याच्या बरोबरीने चालायचो, ना पुढे ना मागे. मग भरलो की कोठीकडे, आणि हिवाळ्यात कोठीतून काढून रेल्वेलगतच्या खरेदी केंद्राकडे. दुपारी नादिया कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात आणि मांस भल्या मोठ्या पातेल्यातून शेतात आणायची आणि माझ्या पुढच्या बंपरवर पातेले ठेवून सगळ्यांना वाढायची. ओरेस्ट सूर्यफुलाच्या बिया चघळत चालवायचा आणि टरफले माझ्याच पायदानावर थुंकायचा. नादिया त्यावरून त्याला रोज बोलायची. मला ती टरफलेसुद्धा आवडायची. आपल्या माणसाचे सगळेच आवडते, तसे.

लेस्याला पेडलपर्यंत पाय पोचायला लागला तशी ती माझ्यावर शिकली. इथली सगळीच मुले शेतात अशी शिकतात. क्लच दाबायला तिला जागेवरून उठून अक्षरशः त्याच्यावर उभे राहावे लागे. माझा गिअर हट्टी. दोनदा क्लच दाबून, इंजिनाचा सूर जुळल्यावरच तो बसतो, नाहीतर कर्कश ओरडतो. ओरेस्ट शेजारी बसून सांगायचा, "काट्याकडे बघू नकोस, पोरी. ट्रक काय म्हणतोय ते ऐक. तो कधी खोटं बोलत नाही." किती अभिमान वाटायचा मला! माझ्याबद्दल असे बोलणारा माणूस स्वतः कधी खोटे बोलेल, हे माझ्या स्वप्नातही आले नाही.

पुढे लेस्या सास्काटून शहरात गेली, दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागली. सुट्टीला यायची तेव्हा माझ्या दारावर थाप मारून जायची. मग नादिया वारली. घरात ओरेस्ट एकटा, शेत अफाट. त्या उन्हाळ्यात लेस्या सामान घेऊन परत आली. अंगणात, माझ्या अगदी शेजारी उभे राहून दोघांचे बोलणे झाले.

"तातो, मी नोकरी सोडली," ती बापाला म्हणाली. "मी शेती करणार."

"शेती म्हणजे दात घासणं नाही."

"माहीत आहे. दातांचे रोगी निदान तोंड उघडून बसतात."

ओरेस्ट हसला नाही. "गहू काय खांद्यावर नेणार आहेस? आता नियम बदललेत. मोठा ट्रक रस्त्यावर काढायचा तर शिकवणी, परीक्षा, परवाना. आधी ते कर. परवाना हातात घेऊन ये, मग शेतीचं बोलू."

"परवाना आणला तर शेती माझी?"

"आणून तर दाखव."

तिने त्याचा हात हातात घेतला आणि जोरात हलवला. सौदा पक्का झाला. मी साक्षीला होतो.

आता मी जे सांगणार आहे ते नीट ऐका, मित्रांनो. त्या शरद ऋतूत कापणी ऐन भरात होती. लेस्या हार्वेस्टरवर, ओरेस्ट माझ्यावर. पश्चिमेला काळे ढग चढत होते आणि गहू अजून उभा होता. आमच्यासारख्या जड ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. प्रत्येक चाकापाशी एक डबा, डब्यात रबराचा पडदा. ब्रेक दाबला की हवा पडद्याला ढकलते आणि चाक आवळले जाते. माझ्या मागच्या उजव्या दोन्ही चाकांचे पडदे म्हातारे झाले होते. ते फाटले आणि हवा फुसफुसत बाहेर पडू लागली. पडदे मिळणारे दुकान दूरच्या शहरात, त्यात रविवार. ओरेस्टने शिवी हासडली, माझ्या खाली शिरला आणि त्या दोन चाकांकडे जाणाऱ्या हवेच्या नळ्या दोन पकडींनी घट्ट आवळून टाकल्या. फुसफुस थांबली. अर्थात त्या दोन चाकांचे ब्रेकही गेले.

"कापणी संपेपर्यंत ओढ रे बाबा," तो माझ्या हौद्यावर थाप मारून म्हणाला. "मग तुला नवे पडदे. शब्द देतो."

इथले शेतकरी घाईत असले की असे करतात. मीही तक्रार केली नाही. शेतात वेग तो काय असतो! पाऊस यायच्या आत गहू कोठीत पोचला. ओरेस्टने मला छपराखाली नेऊन उभे केले आणि दार लावले. त्या हिवाळ्यात भाव उतरला होता, म्हणून गहू कोठीतच राहिला. बर्फ पडला, नाताळ आला, पुन्हा बर्फ पडला. पकडी माझ्या पोटाखाली तशाच राहिल्या. तो विसरला. माणूस विसरतो. त्याचा राग मी कधीच धरला नाही, आजही धरत नाही.

हिवाळा सरता सरता गावच्या सभागृहाच्या अंगणात शनिवारी शिकवणी सुरू झाली. शिकणारे कोण, तर जन्म ट्रकवर गेलेले शेतकरी आणि त्यांच्यात आमची लेस्या. परवाना मात्र एकाकडेही धड नाही. शिकवणारा ओरेस्ट, कारण नव्या नियमाची परीक्षा गावात पहिल्यांदा त्यानेच दिली होती. सराव हॅरीच्या ट्रकवर चालायचा. ओरेस्ट आणि लेस्या परत आले की अंगणात त्यातल्या गमती आठवून हसायचे आणि मी छपराखाली सगळे ऐकायचो. हॅरी समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून रामराम करायचा, जसा इथे प्रत्येकजण करतो. ओरेस्टने त्याला बजावले, "परीक्षेच्या दिवशी तेवढं बोट आवर. हात सुटला म्हणून गुण कापतात."

"म्हणजे परवान्यासाठी शेजारधर्म सोडू?"

"दुपारपुरता सोड. परवाना मिळाला की दोन्ही हात उचल."

पण एका गोष्टीवर ओरेस्ट थट्टा करत नसे. "ट्रकखाली गेल्याशिवाय ट्रकवर चढायचं नाही," हे त्याचे ठरलेले वाक्य. दर वेळी चहूबाजूंनी फेरी मारायची, पाठीवर झोपून खाली सरकायचे, प्रत्येक चाकाचा ब्रेक डोळ्यांनी बघायचा. गावात लोक ते वाक्य त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायचे. पण ऐकायचेही. ओरेस्ट बोयचुक म्हणजे गावात शब्दाचा माणूस.

परीक्षा घेणारे साहेब सोमवारी यायचे होते. आधीच्या शनिवारी ओरेस्टने मला बाहेर काढले, अर्धा हौदा गहू भरला आणि सभागृहाकडे नेले. लेस्याने माझ्यावर परीक्षा द्यावी, अशी त्याची इच्छा होती. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! रस्ता सपाट होता आणि ओरेस्ट गिअर उतरवूनच वेग कमी करतो, ब्रेकला क्वचित पाय लावतो. त्यामुळे वाटेत त्याला काही जाणवले नाही.

अंगणातला बर्फ दाबला जाऊन गुळगुळीत झाला होता. लेस्याने हातमोजे चढवले, माझ्याभोवती फेरी मारली, दिवे पाहिले, चाकांवर पाय मारला. मग खाली सरकण्यासाठी गुडघ्यावर बसली.

"राहू दे," ओरेस्ट घड्याळ बघत म्हणाला. "सकाळीच बघितलंय मी. सगळे खोळंबलेत."

"तूच म्हणतोस ना, खाली गेल्याशिवाय..."

"आता मी बघितलंय म्हणतोय ना? बापावर विश्वास नाही का तुझा?"

त्याने पाहिले नव्हते, मित्रांनो. सकाळी तो माझ्याजवळ आला, गहू भरला, इंजिन तापवले आणि निघाला. लेस्या उठली, गुडघ्यावरचा बर्फ झटकला आणि वर चढली. बापावर तिचा विश्वास होता.

सराव साधा होता. वेग घ्यायचा, हॅरीने झेंडा खाली केला की जोरात ब्रेक मारून थांबायचे. तिने काय सुरेख गिअर चढवले! एकही ओरडू दिला नाही. हॅरी डाव्या बाजूला, सभागृहाच्या पायऱ्यांजवळ उभा होता. झेंडा खाली आला. तिने पूर्ण पाय दाबला. माझी डावी चाके आवळली गेली आणि मागची उजवी मोकळीच धावत राहिली. मी डावीकडे खेचला गेलो. लेस्याने स्टिअरिंग सरळ धरून ठेवले होते, सगळी ताकद लावून. पण बर्फावर भरल्या ट्रकपुढे कोणाचे चालते? हॅरीने झेंडा टाकून उडी मारली. मी पायऱ्यांचा कठडा मोडून, सभागृहाच्या भिंतीला दिवा आपटून थांबलो.

हॅरीचा घोटा मोडला होता. लेस्या उडी मारून त्याच्याकडे धावली, त्याचे डोके मांडीवर घेतले. ती रडत होती. हॅरी कण्हत म्हणाला, "रडू नकोस गं. सोमवारची परीक्षा चुकवायला मला काहीतरी निमित्त हवंच होतं."

सगळा गाव हॅरीभोवती जमला. ओरेस्ट तेवढा माझ्याकडे आला. पाठीवर झोपून माझ्या खाली सरकला. मागच्या उजव्या चाकापाशी त्याचा चेहरा आला आणि थांबला. त्याला सगळे आठवले. मी त्याच्या इतका जवळ होतो की त्याचा श्वास माझ्या नळ्यांवर उमटत होता. मला वाटले, आता हा बाहेर जाईल आणि ओरडून सांगेल, माझी चूक आहे, पोरीची नाही. त्याचा तो आवाज मला ऐकायचा होता.

त्याने एक पकड सोडवली. मग दुसरी. दोन्ही कोटाच्या आतल्या खिशात घातल्या आणि बाहेर आला.

"ब्रेकचं काही झालं का?" कोणीतरी विचारले.

"नाही," ओरेस्ट म्हणाला. "ब्रेक ठीक आहेत."

मग तो लेस्याकडे वळला. आवाज मऊ केला. तो मऊ आवाज मला आजही सहन होत नाही. "घाबरलीस, पोरी. स्टिअरिंग ओढलंस."

"मी सरळ धरलं होतं, तातो."

"असं वाटतं माणसाला."

लेस्याने आपल्या हातांकडे पाहिले, ते परक्याचे असावेत तसे.

ती हॅरीबरोबर इस्पितळात गेली. ओरेस्टने मला घरी आणले. पकडी निघाल्यामुळे ब्रेकला जरा पाय लागला की फाटक्या पडद्यांतून हवा फुसफुसायची. साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असे ते बोलणे होते, आणि खरे बोलणे होते. ओरेस्टने रेडिओ लावला आणि आवाज मोठा केला.

सोमवारी लेस्या परीक्षेला गेली नाही. गावात कुजबुज झालीच. शहरात राहून आली, तिला काय जमणार. ट्रकही जुना, त्याचे काही खरे नाही. ओरेस्ट ते ऐकायचा आणि मान डोलवायचा. मला या झुडपांमागे आणून उभे केले. नव्या पडद्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. पडदे मागवले असते तर कोणीतरी विचारले असते, कशाला?

काही दिवसांनी तो एकटाच माझ्याकडे आला. दार उघडून आत बसला. बिया चघळत नव्हता. मी म्हटले, आता बोलेल. निदान माझ्याजवळ तरी बोलेल, मी कोणाला सांगणार आहे! मग तो उतरला, पाना काढला आणि माझी बॅटरी सोडवून घेऊन गेला. पंपासाठी हवी होती.

बर्फ वितळून पेरणीचे दिवस जवळ आले तेव्हा लेस्याने सास्काटूनला परतायचे ठरवले. जुनी नोकरी तिला परत मिळाली होती. निघायच्या सकाळी तिची छोटी मोटार अंगणात भरून उभी होती. ती चिखल तुडवत माझ्यापाशी आली, आत चढली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"माफ कर रे," ती म्हणाली. "तू थांबत होतास. मीच घाबरले. माझ्यामुळे तुला इथे टाकलं."

मित्रांनो, त्या साऱ्या प्रकरणात माफी मागणारी ती एकटी. जिने काहीच केले नव्हते तीच! मला भोंगा वाजवायचा होता, दिवे लावायचे होते, काहीही करायचे होते. पण बॅटरीशिवाय ट्रक म्हणजे नुसते लोखंड.

ती उतरली. मग, का कोण जाणे, तिने माझ्याभोवती फेरी मारली. त्या दिवशी अर्धी राहिलेली तपासणी पुरी करायची असावी. चिखलात पाठ टेकून खाली सरकली. एक चाक, दुसरे चाक. उजव्या बाजूला आली आणि तिचा हात थबकला. दोन्ही नळ्यांच्या रबरावर पकडींच्या दातांचे खोल वळ उमटलेले होते. शेतकऱ्याच्या मुलीला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तिने बोटाने एक वळ चाचपला. दुसरा चाचपला. तशीच पडून राहिली.

बाहेर ओरेस्टची पावले वाजली. "पोरी, निघ आता. रस्त्यात पाऊस लागेल."

ती बाहेर आली. केसांत चिखल, चेहरा पांढरा. तिने आरडाओरडा केला नाही. फक्त विचारले, "तातो, त्या दिवशी तू खाली गेला होतास. काय दिसलं?"

तिने त्याला किती सोपा प्रश्न विचारला होता! आणि कशी त्याच्याकडे पाहत होती! त्याने खरे सांगितले असते तर ती त्याच्या गळ्यात पडली असती, मोटारीतले सामान परत घरात गेले असते, हे मला माझ्या चाकांइतके नक्की माहीत आहे.

ओरेस्टने तिच्या केसांतला चिखल पाहिला. माझ्याकडे पाहिले. मग जमिनीकडे.

"काही नाही," तो म्हणाला.

"बरं," लेस्या म्हणाली. मोटारीत बसली आणि गेली.

त्या वर्षी बोयचुकांची अर्धी जमीन दुसऱ्यांनी पेरली. शरद ऋतूत हॅरी काठी टेकत आला. दोघे म्हातारे माझ्या बंपरला टेकून उभे राहिले.

"काल महामार्गावर तुझी लेस्या दिसली," हॅरी म्हणाला. "दवाखाना सोडलाय म्हणे तिनं. परवाना काढला, तिकडेच. केवढा ट्रक, मागे दोन ट्रॉल्या! वळणावर असा काय अलगद घेतला, मी बघतच राहिलो. कोणाचा गहू नेत होती देव जाणे. तुला फोन करते का रे?"

"कामात असते," ओरेस्ट म्हणाला.

"पण इतकं छान शिकली कोणाकडून?"

ओरेस्टने मान ताठ केली. "माझ्याकडून. नाहीतर कोणाकडून?"

ते खरे होते, मित्रांनो. म्हणूनच ते मला सगळ्यात जास्त लागले.

आता माझे मागणे एवढेच. तुमच्या घरी ट्रक असो, सायकल असो, नाहीतर पाण्याचा पंप, त्याची निगा राखा. फाटलेला पडदा वेळेवर बदला. पण हातून चूक झालीच, आणि तिचा आळ दुसऱ्या कोणावर गेला, तर त्या माणसाला शोधून खरे काय ते सांगा. माझे पडदे बदलायला एक दुपार पुरली असती. लेस्याला खरे सांगायला तेवढीही लागली नसती. ती अंगणात उभी होती, आणि तिने विचारलेसुद्धा होते.